पुतळा फिरऔनचा, घाम रोजेदारांचा

2023 च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम इथल्या प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन भरलं होतं. त्याविषयी वर्गात सांगत होतो, तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, त्यात फिरऔनचा पुतळा होता का?"

"कोणत्या फिरऔनचा?" मी विचारलं. वर्ग गोंधळला. मुलांना वाटत होतं, फिरऔन एकच. खरं तर फिरऔन हा इजिप्तच्या राजांचा किताब. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्यासमोरचा फिरऔन कोणता, त्याचं नाव कुरआनमध्ये नाही. पुष्कळ लोक दुसऱ्या रामसेसचं नाव घेतात. पण तो अंदाज आहे. मोबाइलवर फोटोखाली 'हाच तो' असं लिहून येतं, तेवढ्यावर विसंबू नये.

मुंबईच्या त्या प्रदर्शनाला शिल्पं देणाऱ्यांत लंडनचं ब्रिटिश म्युझियम होतं. या रामसेसचा एक मोठा पुतळा त्याच म्युझियममध्ये आहे. आता फक्त डोकं आणि छाती उरली आहे, तरी उंची अडीच मीटरहून जास्त आणि वजन सुमारे 7 टन. एकाच ग्रॅनाइटच्या दगडात दोन रंग आहेत. चेहरा फिक्या भागात कोरलेला. वय सव्वातीन हजार वर्षांच्या आसपास.

हा दगड तिथून हलला कसा, ही गोष्ट मी मुलांना सांगितली. 1816 साली जोव्हानी बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसानं ब्रिटिश वकील हेन्री सॉल्ट यांच्यासाठी हे काम घेतलं. यंत्र नव्हतं. लाकडी गाडा, त्याखाली चार ओंडके आणि खजुरीच्या पानांचे दोर. ओढणारे आसपासच्या गावांतले शेतकरी. 27 जुलैला ओढायला सुरुवात झाली आणि 12 ऑगस्टला पुतळा नाईलच्या काठी आला. पुढे 1818 मध्ये तो लंडनला पोहोचला.

आता हिजरी तारीख बघा. ते 1231 साल होतं आणि महिना रमजानचा! इजिप्तचं ऊन, सात टनांचा दगड, आणि ओढणारे रोजेदार. बेल्झोनीनं आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्या या रोज्यांची दखल घेतली आहे. मजुरी शेतातल्या रोजापेक्षा जास्त ठरली होती, हेही खरं. पण रामसेसचं नाव जगभर झालं, बेल्झोनीचं झालं. त्या रोजेदारांची नावं कोण सांगणार?

वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, माझे अब्बा रोजा ठेवून द्राक्षं काढायला जातात."

मला एकदम माझी गच्ची आठवली. एका रमजानमध्ये तिचं काम चालू होतं. दोन मजूर रोजेदार होते. काम संपलं तेव्हा मी सहज म्हणालो, "हिशेब ईदनंतर करू." त्यांनी मान हलवली आणि गेले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण मी कितीदा मुलांना सांगितली असेल! ईदला त्यांच्या घरी शीरखुर्म्याचं दूध उधारीवर आलं असेल का, हे मी कधी विचारलंच नाही.

पिंपळगावात द्राक्षबागा आहेत, कांद्या-टोमॅटोचा बाजार आहे. आपल्यापैकी कुणी मजूर लावतो, कुणी स्वतः मजुरीला जातो. यंदा रमजानमध्ये आपल्या कामावरच्या माणसाचं नाव विचारा, इफ्तारच्या आधी त्याला सुट्टी द्या, आणि त्याचा हिशेब चाँदरातीपर्यंत ठेवू नका. लंडनच्या दगडावर त्या रोजेदारांची नावं नाहीत. अल्लाहजवळ मात्र त्यांच्या घामाचा हिशेब आहे, आणि आपलाही.