बरे झालात? मग आता बोला

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार घेऊन ज्यांच्या घरातलं माणूस सावरलं, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे: ते लपवून ठेवू नका. भावकीत, शेजारी, कामाच्या ठिकाणी, जिथे कुणी आत्ता या दुखण्याने पिचलं आहे, तिथे जाऊन सांगा. सणवार उरकल्यावर नको. याच आठवड्यात सांगा.

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केल्या. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं नाही. कर्ज असतं, घरातला छळ असतो, पीक बुडालेलं असतं. पण जिथे आजार होता, तिथेही बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचला नसणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की बहुतेक मानसिक आजारांत १०० पैकी ७० हून अधिक रुग्ण उपचारांविनाच राहतात. डॉक्टर कमी आहेत, हे खरंच. पण जिल्ह्याच्या ठिकाणी जी सोय आहे तिथेही लोक जात नाहीत, कारण तिथून बरं होऊन आलेलं माणूस त्यांनी पाहिलेलं नसतं. खरं तर पाहिलेलं असतं, पण ते माणूस तिथूनच बरं झालं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या धाकट्या भावाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून तो खिडक्या लावून बसायचा. आम्ही देवऋषी केले, उतारे टाकले, गंडे बांधले. खाजगी रुग्णालयाने सांगितलेली रक्कम ऐकून वडील तसेच माघारी आले. असे कितीतरी महिने गेले. मग गल्लीतल्या एका काकूंनी आईला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सिव्हिलला मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. माझ्या सुनेला तिथेच गुण आला. बाळंतपणानंतर ती लेकराकडे बघतसुद्धा नव्हती." ती सून आमच्या डोळ्यांसमोर वावरत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तिथे काय झालं ते मुद्दाम सविस्तर सांगते. डॉक्टर आमच्याशी नाही, आधी भावाशी बोलले. झोप लागते का, जेवण जातं का, भीती कसली वाटते, असं त्यालाच विचारलं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाशी तरी पूर्ण वाक्यांत बोलला. तिथल्या सामाजिक कार्यकर्तीने आईला समोर बसवून समजावलं की हे कुणाच्या नजरेने झालेलं नाही आणि तिच्या वाढवण्यातही काही चुकलेलं नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करू नका, असं बजावलं. गोळ्यांनी तो सुस्तावला तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. एकदा तपासणी चुकली तर विभागातून फोन आला. आज तो पंपदुरुस्तीच्या दुकानात काम करतो, गोळ्या अजून घेतो. हे मी त्याला विचारून लिहिते आहे.

तिथे गैरसोयी नाहीत असं मी म्हणणार नाही. रांग मोठी असते, एखादं औषध बाहेरून आणावं लागतं, ओळखीचे झालेले डॉक्टर बदलून जातात. तेही सांगा. अडचणींसकट सांगितलेल्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसतो.

आणि हा एकट्या आमच्या घरचा अनुभव नाही. गोव्यात 'संगत' संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूने २४ आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. त्यातली निम्मी केंद्रं सरकारी होती. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन तिथल्या डॉक्टरांच्या जोडीला बसवलं होतं. २०१० साली निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी, नैराश्य आणि चिंतेचे जे रुग्ण अशा सरकारी केंद्रांत आले होते त्यांतले १०० पैकी जवळपास ६६ बरे झाले होते. नेहमीच्याच पद्धतीने चाललेल्या सरकारी केंद्रांत हे प्रमाण ४२-४३ होतं. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. सरकारी म्हणजे दुय्यम असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आपल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' उपक्रमाचे कार्यकर्ते गावागावांत नैराश्याबद्दल उघडपणे बोलत फिरले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. त्या उपक्रमात उपचारही होते, पण लोकांनी उंबरा ओलांडला त्यात आपल्याच गावात कुणीतरी उघडपणे बोलल्याचाही वाटा असणार.

म्हणून सांगताना नेमकं सांगा. ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर कुठे काढायचा, विभाग कोणत्या मजल्यावर आहे, किती आठवड्यांनी फरक पडला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे कित्येकांना ठाऊक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी केली आहे, हेही सांगा. जमलं तर पहिल्या दिवशी सोबत जा. त्या दाराशी पोहोचून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. बरोबर कुणी असतं तर ती आत गेली असती. फक्त रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचं नाव कुठे घेऊ नका.

आणखी एक काम करा. जिल्हा शल्यचिकित्सकांना चार ओळींचं पत्र लिहा: तुमच्या मानसोपचार विभागात आमचं माणूस बरं झालं. त्या टेबलावर तक्रारी रोज येतात. विभागासाठी माणसं आणि औषधं मागताना असं पत्र त्यांच्या हाती असलं पाहिजे.

ज्यांना आत्ता स्वतःलाच मदत हवी आहे त्यांनी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्री चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी "जगायचं नाही" म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि गोळ्यांचे साठे घरातून हलवा, आणि सकाळची वाट न बघता जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.