शरदऋतू आणि कापणीचे घर

भाद्रपद सरत आला की कोकणातील घरासमोरचे खळे सारवले जाते, विहिरीचा गढूळपणा बसतो, पहाटे गवतावर दव आणि दुपारी अंग भाजणारे ऊन असते. शरदाचे वर्णन आम्ही महाविद्यालयात पाठ केले. त्याचा अर्थ उमगला तो अशा खळ्यावर.

वर्षाऋतूत संचित झालेले पित्त शरदातील उन्हाने प्रकुपित होते. म्हणून तिक्तघृत, विरेचन व रक्तमोक्षण सांगितले आहे. याविषयी दुमत नाही. परंतु त्याच ऋतुचर्येत ऊन टाळावे असेही सांगितले आहे, आणि हळवे भात तर नेमके नवरात्राच्या सुमारास कापणीस येते. विळा हाती घेतलेल्याने ऊन टाळावे तरी कसे?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावी रविवारी विरेचन शिबिर घेतले. ना पुरेसे स्नेहपान, ना पुढे संसर्जनक्रम. एक शेतकरी गृहस्थ सोमवारी पहाटे भाकरी खाऊन कापणीस गेले आणि दुपारी बांधावर भोवळ येऊन पडले. दोष औषधाचा नव्हता, आमचा होता. स्नेहपानापासून संसर्जनापर्यंत सुमारे पंधरवडा लागतो. ऐन कापणीत तो कोणत्या घराला परवडतो?

शिबिराची तारीख पंचांग पाहून ठरते, हाही एक दोष. हवामान खात्याने २०२० साली वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतण्याच्या सर्वसाधारण तारखा पुढे नेल्या. आपल्याकडेही आश्विनात आभाळ भरलेले असते. ऋतू लक्षणांवरून ओळखावा, हे आपणच विसरावे काय? (कोजागिरीच्या दुधाबरोबर मिरचीची भजी खाणाऱ्या मंडळींत वैद्यही असतात, हे येथे नमूद केलेले बरे.)

आमच्या मते कापणीच्या घरी शमनावरच भर असावा. भिजवलेल्या मनुका, मूग, पडवळ, कारले, जेवणात तूप, दही वर्ज्य, कापणी सकाळी व उन्हे कलल्यावर. शोधन करावयाचेच तर धान्य घरात आल्यावर, काळ व बल पाहून. वैद्यबंधूंना हे नवे नाही, पण शिबिराच्या उत्साहात आमच्यासारखेच अनेकांकडून राहून जाते.

ते गृहस्थ पुढील वर्षी मळणी उरकून आपण होऊन आले. सोबत नव्या भाताचे पोहे होते. नवधान्य अभिष्यंदी असते, हे त्यांना सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही.