पाच आठवड्यांचं 'जैसे थे'

बीड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी 22 ऑगस्टला ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं पाच आठवड्यांसाठी 'जैसे थे'चा आदेश दिला. विशेष खंडपीठ नेमायचं ठरलं आणि चार दिवसांनी सरन्यायाधीश रमणा निवृत्त झाले. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं न्यायालयानं सांगायला 6 मे 2025 उजाडला. पाच आठवड्यांची पावणेतीन वर्षं झाली!

सगळं खापर न्यायालयावर फोडता येणार नाही. राज्यातल्या कुठल्याच सरकारला या निवडणुकांची घाई दिसली नाही. प्रशासक मंत्रालयाचं ऐकतो, सदस्य कधीकधी गावाचंही ऐकतो. पण कोणतं प्रकरण कोणाच्या बोर्डावर लागायचं, हे सरन्यायाधीश ठरवतात, आणि त्याची कारणं लिहून द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. याच अधिकाराच्या वापरावर बोट ठेवत सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी 12 जानेवारी 2018 रोजी पत्रकार परिषद घेतली. त्यांतले रंजन गोगोई पुढे सरन्यायाधीश झाले. अधिकार होता तसाच राहिला. दरम्यान, प्रकरणं वाटण्याचं काम सरन्यायाधीशांनी एकट्यानं न करता ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमनं करावं, ही ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांची मागणी जुलै 2018 मध्ये फेटाळली गेली होती.

मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकाराचं मराठवाड्याला वावडं असायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी ऑगस्ट 1981 मध्ये राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खाली औरंगाबादला खंडपीठ बसवण्याचा आदेश काढला, म्हणून बीडच्या पक्षकाराचं काम तिथे भागतं. पण तो आदेश लेखी होता. त्याला राज्यपालांची मान्यता घ्यावी लागली. कोणीतरी आव्हान दिलं, उच्च न्यायालयानं तो रद्दही केला, आणि ऑक्टोबर 1982 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला.

प्रकरण बोर्डावर न लागण्याविरुद्ध अपील कुठे करायचं? निकाल चुकला तर फेरविचार मागता येतो. न झालेल्या सुनावणीत चूक दाखवायची कशी? म्हणून निवडणूक अडवणाऱ्या प्रत्येक 'जैसे थे'वर शेवटची तारीख छापलेली असावी. त्या तारखेपर्यंत सुनावणी झाली नाही, तर स्थगिती आपोआप उठावी, आणि वाढवायची असेल तर सरन्यायाधीशांनी कारण सहीनिशी द्यावं.