कष्टकऱ्यांची दहावी आणि आपली जबाबदारी

शाळेच्या स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु परंदवडीच्या परिसरात शिक्षक म्हणून वावरताना आम्हांला आणखी एक वर्ग सतत दिसत आला आहे. तो पालकसभेला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि प्रगतिपुस्तकावर सही करताना क्षणभर थबकतो. त्यांतील कोणी तळेगावच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, कोणी गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये मजुरी करते, तर कोणी आपल्याच वसतिगृहात पोळ्या लाटते. यांतील अनेकांची शाळा सातवी-आठवीत सुटली. नोकरीत कायम होण्याची वेळ आली की दहावीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि वर्षानुवर्षांचा अनुभव त्या कागदापुढे निरुत्तर होतो.

“आता या वयात कशाला?” असे त्यांना विचारले जाते, पुष्कळदा ते स्वतःलाच विचारतात. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही एवढेच म्हणू, की हा प्रश्न आपल्या परंपरेत बसणारा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा चालविली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तेव्हा ते संसारी गृहस्थ होते. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, त्याचे वर्ग नोकरदारांसाठी सकाळी भरत. विद्यार्थ्याला संस्थेच्या वेळेत बसविण्याऐवजी संस्थेने आपली वेळ त्याच्या जीवनात बसविली, हा त्यातला खरा धडा होय.

आज कायद्याने वाट मोकळी आहे. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय देता येतो. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. अडचण बुद्धीची नसते. शाळा सोडल्याचा दाखला दूरच्या गावी राहिलेला असतो, अर्जाची मुदत कळत नाही, पाळी बदलते आणि गणित व इंग्रजी यांची धास्ती मनातून जात नाही.

आमच्या परिचयातील एका स्वयंपाकीण ताईंनी पत्र्याच्या पेटीत जपलेला दाखला आमच्यापुढे ठेवला, तेव्हा अर्जाची मुदत संपून आठवडा झाला होता. त्या रोज आमच्या डोळ्यांसमोर होत्या; मुदत आम्हांला ठाऊक होती; सांगण्याचे मात्र आम्हांला सुचले नाही. त्यांचे एक वर्ष आमच्या बेफिकिरीने गेले. “असू द्या सर, पुढच्या वर्षी बसते,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या शब्दांची लाज आम्हांला अजून वाटते.

निवासी मुलांचेच काम एवढे असताना ही नवी जबाबदारी कशी पेलायची, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. आमचे सहकारी खरोखरच थकतात. परंतु आई अभ्यासाला बसलेली पाहणाऱ्या मुलाला अभ्यासाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. म्हणजे हे कामही अखेर मुलांचेच आहे.

म्हणून संस्थेचे विश्वस्त आणि माजी विद्यार्थी यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. रविवारी दुपारी एक वर्गखोली उघडी ठेवावी. गणित व इंग्रजी यांना प्रत्येकी एक तास द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी तो आळीपाळीने घ्यावा. दाखले मिळविणे, अर्ज भरणे आणि मुदती वेळेत कळविणे यासाठी एका शिक्षकाची नेमणूक व्हावी. पहिल्या रविवारी चारच माणसे आली तरी वर्ग भरावा.