लेकरांची खिचडी कोण ठरवणार?



गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीत मुलांची वजनं घेत होतो. दुसरीतली एक पोरगी काट्यावर उभी राहिली आणि आकडा बघून आमच्या काळजात धस्स झालं. "शाळेत खिचडी खाते ना?" आम्ही आईला विचारलं. ती म्हणाली, "ताई, तिचं आधार निघालं नाही. आधार आणा, मग खिचडी, असं शाळेत सांगितलं."

असं सांगायचा अधिकार शाळेला कुणी दिला?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५ बघा. सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी एक वेळचं मोफत जेवण. त्यात उत्पन्नाचा दाखला नाही की रेशनकार्डाचा रंग नाही. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ रोखू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे पात्रता कायद्यानं ठरवून टाकली. मुख्याध्यापकांनी आणि कारकुनानं फक्त ताट वाढलं जातंय ना, हे बघायचं.

काही जण म्हणतात, खरोखर गरीब असतील त्यांनाच द्या. आमचा याला विरोध आहे. गरीब कोण हे निवडायचं म्हटलं की निवडणारा येतो, आणि तो कुणाला मागे ठेवतो हे आपल्याला ठाऊक आहे. लहानग्या भीमरावाला शाळेत तहान लागली, तर पाणी मिळणार की नाही हे शिपायाच्या हातात होतं. तो हात पुन्हा आपल्या लेकरांच्या ताटावर नको.

पाचवीपर्यंतच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सकाळी नुसत्या चहावर शाळेत जाणाऱ्या पोरासाठी दिवसाचं पहिलं पोटभर अन्न हेच असतं.

आम्ही त्या आईसोबत शाळेत गेलो आणि एवढंच म्हणालो, "नकार लेखी द्या." लेखी कुणी दिला नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी पंगतीत बसली.

तुम्हीही हेच करा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या जागा बायांच्या. बैठकीला जा, पटावरची मुलं आणि पंगतीतली मुलं मोजा. आकडा जुळला नाही तर गप्प बसू नका.