लांडग्याचा वाटा भरायचा कुणी?

सोलापूर-पुण्याकडच्या माळावर लांडगा अजून टिकून आहे. अभयारण्यामुळं म्हणाल, तर नान्नजसारखा एखादा तुकडा सोडला की बाकी तो आपल्याच बांधाला राहतो. दिवसा ओढ्याकाठी, उसात पडून राहायचं, रात्री फिरायचं. बिळाजवळ माणूस घुटमळला की मादी पिल्लं दुसरीकडं हलवते. काळवीट कमी झालं, मग शेळ्या-मेंढ्यांवर भागवतो.

म्हणजे त्याला पोसतो कोण? धनगर. काही जुने मेंढपाळ कोकरू गेलं तरी लांडग्याचा वाटा गेला म्हणून गप्प बसतात. लोक याचं लय कौतुक करतात. मला नाही पटत. लांडगा सगळ्या देशाचा, अन् वाटा एकट्या वाड्यानं भरायचा?

१९७२ च्या कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. भरपाईही आहे. पण पंचनामा होईपर्यंत मेंढी जागची हलवायची नाही, अन् धनगराचा तळ सकाळी पुढच्या गावाला! कागद कुणाच्या मागं फिरणार? पंचनामा तळावर, त्याच दिवशी झाला पाहिजे.

आपल्याकडचं काम म्हणजे मोकाट कुत्री. ती लांडग्याला रोग देतात, पुणे भागात तर संकरही सापडलेत. लसीकरण, नसबंदीचा विषय ग्रामसभेत काढा. अन् माळ पडीक समजून झाडांसाठी जेसीबी लावणार असाल, तर आधी ओढ्याकाठची बिळं बघा. हिवाळ्यात आत पिल्लं असतात.