अडलेला 'ळ' आणि मे महिन्याची सुट्टी

गेल्या एप्रिलातली गोष्ट. सीमाभागातल्या एका छोट्या वाचनालयात सकाळी अकराच्या सुमाराला एक मुलगी आजोबांचा हात धरून आली. सातवीची परीक्षा नुकतीच संपलेली. आजोबा नेहमीसारखे पेपर घेऊन बसले आणि ही लहान मुलांच्या कपाटापुढं उभी राहिली. शाळा कन्नड माध्यमाची, घरात मराठी. तिनं एक पातळसं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचत होती बरं. सहावीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आहे, त्यामुळं देवनागरी अक्षरं माहीत. मग एका शब्दापाशी गाडी अडली. शब्द होता 'सावळी'. साव... पुढं काय?

आता गंमत बघा. हा 'ळ' तिच्या तोंडात दिवसभर असतो. शाळा, डोळे, बाळ, सकाळ, बेळगाव. कन्नडमध्येही 'ळ' आहे आणि तो तिला झोकात लिहिता येतो. पण देवनागरीतला 'ळ' तिनं कधी गिरवलाच नव्हता, कारण देवनागरी ती हिंदीच्या पुस्तकातून शिकली आणि हिंदीच्या पुस्तकात 'ळ' नसतो. टेबलामागच्या काकांनी एका चिठ्ठीवर कन्नड 'ळ' काढला, शेजारी मराठी 'ळ' काढला आणि म्हणाले, "हा तोच." पोरगी म्हणाली, "अय्यो, हाच होय!" आणि पुढचं पान सुसाट.

दोन मिनिटांचं काम होतं. पण ही दोन मिनिटं तिला शाळेत मिळाली नव्हती आणि घरीही मिळाली नव्हती. मिळाली ती वाचनालयात, तीही आजोबांना पेपर वाचायचा होता म्हणून.

मित्रांनो, आज ज्यावर लिहायचं आहे ते हेच. आपल्या भागात मराठी बोलणारी मुलं भरपूर आहेत. मराठी वाचणारी मुलं मात्र कमी होत चालली आहेत, आणि हा फरक आपल्याला घरात बसून कळत नाही. पोरगं जेवताना मराठीत बोलतं, भांडतं मराठीत, गणपतीत आरती तोंडपाठ म्हणतं. आपण समजतो, भाषा शाबूत आहे. त्याच्या हातात मराठी पुस्तक द्या आणि एक पान वाचायला सांगा. कळेल. कन्नड माध्यमातलं मूल 'ळ'पाशी अडतं, इंग्रजी माध्यमातलं जोडाक्षरापाशी अडतं, आणि दोघंही तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतात. चूक त्यांची नाही. वाचायची सवय लागायला जागा लागते, वेळ लागतो आणि शेजारी बसणारं कुणीतरी लागतं.

जागा आपल्याकडं आहे. वेळ आपल्याकडं आहे, कारण कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलनंतर सुट्टी लागते ती मे संपेपर्यंत. शेजारी बसणारं कुणीतरी म्हणजे तुम्ही.

जागा किती जुनी आहे, ते तरी माहीत आहे का?

बेळगावच्या गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षं आधीचं. भाषावार राज्यं झाली १९५६ मध्ये. त्याआधी शंभरावर वर्षं इथं माणसं पुस्तकं नेत होती आणि परत आणून देत होती. शहरात, शहापूरला, खानापूर-निपाणीकडं, खेड्यापाड्यांत कुठं तरुण मंडळाच्या खोलीत, कुठं देवळाच्या ओवरीत अशी लहानमोठी वाचनालयं उभी राहिली. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांनी तर स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवली. गावात संमेलन भरतं, मांडव घातला जातो, हजारोंची जेवणं होतात. पण त्याच गावातल्या वाचनालयाच्या देवघेव वहीत मागच्या महिन्यात किती मुलांच्या सह्या आहेत? एकदा जाऊन बघा. आम्ही बघितलं. सह्या बहुतेक साठीच्या पुढच्या माणसांच्या होत्या.

ही वही म्हणजे आपली खरी शिरगणती आहे. मोर्चाला किती माणसं होती यावर दोन बाजूंचे दोन आकडे असतात. वहीतल्या सहीवर वाद नसतो. पुस्तक नेलं, तारीख पडली, सही झाली. आपण मागतो ते हक्क कुणासाठी, असं उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला ही वही भरलेली हवी.

दुसरी जागा: तुमच्याच पंचायतीतली

मराठी वाचनालयं बहुतेक वर्गणीवर आणि देणगीवर चालतात. पण आणखी एक वाचनालय आहे, ज्याचे पैसे तुम्ही आधीच भरता. घरपट्टीची पावती काढून बघा. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. सध्या तो ६ टक्के आहे. कर हजार रुपये असेल तर साठ रुपये वाचनालयाचे. घर मराठी माणसाचं असलं म्हणून हा उपकर माफ होत नाही. मग त्यातून येणारी पुस्तकं आपल्याही भाषेत मागण्यात लाजायचं काय?

ग्रामपंचायतींची वाचनालयं २०१९ मध्ये ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडं आली. आता त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणतात. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. २०२० पासून 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, या मोहिमेत ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तिथं फुकट सभासद करून घेतात. कित्येक ठिकाणी सुट्टीत मुलांची शिबिरंही होतात. योजना चांगली आहे. आपल्यातले बरेच जण 'ते कन्नडवाल्यांचं' म्हणून त्या दारातच जात नाहीत. हे सोडा. मुलांचं नाव घाला. कन्नड पुस्तकंही वाचू देत, शाळेला उपयोगी पडतील आणि एक भाषा वाढली म्हणून दुसरी कमी होत नाही. आणि सभासद झाल्यावर एक साधा अर्ज द्या: आमच्या गावात मराठी बोलणारी इतकी मुलं सभासद आहेत, त्यांच्यासाठी मराठी पुस्तकं घ्यावीत. खाली मुलांची नावं, पालकांच्या सह्या, पोच घ्यायची. वेगळी भाषा असणाऱ्या नागरिकांना ती जपण्याचा हक्क संविधानाच्या २९ व्या कलमात आहे. पण कलम भाषणात म्हणण्यापेक्षा अर्जात लिहिलेलं जास्त चालतं. आणि शंभर मुलं सभासद असलेल्या गावाचा अर्ज बाजूला ठेवणं कुणालाही जड जातं.

मग सुट्टीत करायचं काय?

मोठा कार्यक्रम नको. पाहुणे नकोत, हार नकोत, बॅनर तर अजिबात नको. रोज सकाळी दहा ते बारा, ऊन चढायच्या आत, दोन तास. सहा आठवडे. चार कामं.

पहिलं, जोडीनं वाचन. एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी आणि तीन लहान मुलं. आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग मुलांनी वाचायचं. अडलं की सांगायचं, हसायचं नाही. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'ळ' काढा. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळा, हे मुलाला जिभेनं माहीत असतं. कागदावर दोघांना एकच अक्षर आहे, एवढंच सांगायचं. 'स्टोरीवीव्हर'वर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये फुकट मिळते. दोन्ही शेजारी ठेवा. कन्नड माध्यमाच्या मुलाला कन्नड गोष्ट आधी वाचू द्या, मग मराठी. अर्थ आधीच कळलेला असतो, त्यामुळं भीती जाते.

दुसरं, पुस्तकांची पेटी. ही कल्पना आमची नाही, बडोद्याची आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. एका गावानं वाचली की पेटी पुढच्या गावाला. शंभर वर्षांपूर्वी जे पेटीतून जमलं, ते आज दुचाकीच्या मागं बांधलेल्या क्रेटमधून जमणार नाही का? वीस पुस्तकं, एक वही. सोमवारी एका गल्लीतली तालीम, गुरुवारी दुसऱ्या गल्लीतलं देऊळ. शेतातल्या घरांतली आणि वाड्यांवरची मुलं गावातल्या वाचनालयापर्यंत येत नाहीत. त्यांच्यापर्यंत पेटी जाऊ शकते.

तिसरं, आपल्या भागाचं कपाट. प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचलाय? 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. तो पोरगा आपल्याच भागातला, त्याच्या बोलण्यात कन्नड शब्द येतात आणि त्याची त्याला लाज नाही. संतांच्या आई, कवयित्री इंदिरा संत, बेळगावातच राहिल्या. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवत चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. सीमेच्या पलीकडं हाकेच्या अंतरावर कोवाड, ते 'स्वामी'कार रणजित देसाईंचं गाव. ही पुस्तकं एका कपाटात मांडा आणि वर पाटी लावा. मराठी पुस्तक म्हणजे पुण्याची भाषा, आपली ती अशुद्ध, हा न्यूनगंड कितीतरी मुलांच्या मनात घर करून आहे. तो भाषणानं जात नाही, लंपन वाचून जातो.

चौथं काम आम्हाला सगळ्यात जवळचं. प्रत्येक मुलानं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकायची आणि जशी ऐकली तशी, आपल्या बोलीत, वहीत लिहायची. जात्यावरच्या ओव्या, यल्लम्माच्या यात्रेला बैलगाडीनं गेलेला प्रवास, काजूची राखण, तंबाखूच्या वखारीतली कामं. शेवटच्या रविवारी त्या वह्या एकत्र शिवायच्या आणि वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत रीतसर चढवायच्या. दाखल क्रमांक पडला की ते पुस्तक झालं. आपल्या आजीचं नाव त्या नोंदवहीत बघितलेलं मूल वाचनालय विसरत नाही.

थोडं संचालक मंडळींसाठी

काका, मामा, तुम्ही वाचनालय टिकवलंत म्हणून आज आम्ही हे लिहू शकतो. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या कपाटाचं कुलूप काढा. पुस्तक फाटेल, हरवेलही. फाटलेलं पुस्तक वाचलं गेलेलं असतं, कुलपातलं फक्त पिवळं पडतं. आणि सुट्टीपुरती मुलांची अनामत माफ करा. 'आई पैसे देत नाही' म्हणून परत गेलेलं मूल पुन्हा येत नाही. ग्रंथालयशास्त्राचे मोठे अभ्यासक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं सांगितली. त्यातलं पहिलंच सूत्र हे, की ग्रंथ वापरासाठी असतात.

आणि घरात कपाटं रिकामी करताना जुनी गाइडं, फाटक्या डायऱ्या वाचनालयाला 'दान' करणाऱ्यांना हात जोडून विनंती: रद्दी रद्दीवाल्याला द्या. वाचनालयाला द्यायचंच असेल तर एका मुलाची वर्षाची वर्गणी द्या.

आता तुम्ही. पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला असाल तर मे महिन्यात यात्रेला गावी येणारच. त्यातली एक सकाळ काढा. गावात असाल तर उद्यापासूनच सुरुवात करा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला वाचनालयाच्या खोलीत रोज बसणारे तुमच्यात कितीतरी जण आहेत. पंखा वापरता, टेबल वापरता. अर्धा तास पुस्तक मिटा आणि बाहेर पेपरवाल्या टेबलाशी आजोबांबरोबर आलेलं एखादं मूल असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसा. म्हणा, "चल की, एक गोष्ट वाचू."

ती सावळीपाशी अडलेली पोरगी त्या दिवशी पुस्तक घेऊन घरी गेली. आठ दिवसांनी परत आली, तेव्हा आजोबा बरोबर नव्हते. धाकट्या भावाला घेऊन आली होती. वहीत सही करायची वेळ आली तेव्हा तिनं नाव देवनागरीत लिहिलं आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, गावाचं नाव. त्यात 'ळ' होता. नीट काढला होता.

तुमच्या गावच्या वहीत या मे महिन्यात अशा किती सह्या होतात, ते जूनमध्ये आम्हाला कळवा. बाकी आकडे नंतर बघू.